गाठ आणि खाडा

सहाव्या महिन्यात माझ्या हनुवटीवर राठ केस आले, आवाज घोगरा झाला. साताऱ्याहून आत्यानं व्हिडिओ कॉलवरच निकाल दिला, "मुलगा आहे बघ." इकडे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, सोनोग्राफीत मात्र अंडाशयावर आठ सेंटिमीटरची गाठ दिसली. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, भलतंच चढलेलं. डॉक्टर म्हणाल्या, बहुधा गरोदरपणातला ल्युटिओमा. कर्करोग नव्हे, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आपोआप विरणारी गाठ. 1963 साली स्टर्नबर्ग यांनी ती प्रथम नोंदवली. कित्येकींना ती असल्याचा पत्ताही नसतो, सिझेरियन करताना अचानक सापडते.

उपाय? थांबायचं. पीळ पडला किंवा रक्तस्राव झाला तरच शस्त्रक्रिया.

मला भीती वेगळीच होती. पोटात मुलगी आहे हे इथे सांगितलेलं होतं, आणि आईला अशी लक्षणं असली की मुलीच्या जननेंद्रियांवरही परिणाम होऊ शकतो. वारेतलं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर पुरुषी संप्रेरकाचं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करतं, मोठा आडोसा तोच.

घरी गहजब झाला. काका म्हणे, "तिकडचे डॉक्टर पॅरासिटामॉल देऊन घरी धाडतात. इकडे ये, दोन दिवसांत काढून टाकतील." चुलतभावाचं नेहमीचं उलट टोक: इकडचे कापायलाच टपलेत. दोघंही डॉक्टरांवरच घसरतात; थांबणं कुणाला परवडतं, हे कुणी विचारत नाही.

2019 साली बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एक दिवस कामाला दांडी पडली की मुकादम खाड्याचा दंड कापतो. मग दर महिन्याच्या दुखण्यापेक्षा पिशवीच नको, असं त्यांना वाटलं तर नवल काय? आणि ती काढून द्यायला दवाखाने तयारच होते. माझ्या थांबण्यात शौर्य नव्हतं. दर चार आठवड्यांनी तपासणीची तारीख होती, बिल नव्हतं, पगारी रजा होती. (गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इथले लोक वर्ष वर्ष ताटकळतात, त्या थांबण्याचं कौतुक मी करणार नाही.) गावाकडच्या बाईला नुसतं "थांब" सांगणारा डॉक्टर कितीही प्रामाणिक असो, तिचा खाडा भरून देणारं कुणी नसेल तर ती दुसरा दवाखाना गाठणारच.

मुलगी ठणठणीत जन्मली. दोन महिन्यांत गाठ विरली, केसही गेले. आवाज तेवढा घोगराच राहिला. मी फोन केला की आत्या अजून विचारते, "कोण बोलतंय?"