गळती लागावी ती बदलीनंतर

सोलापुरात सरकारी वास्तुविशारद म्हणून नेमणूक झाली? अभिनंदन! रुजू झाल्यावर महापालिकेची जुनी इमारत, इंद्रभुवन, एकदा लांबून बघून घ्या आणि परत तिकडे फिरकू नका. जाड भिंती, उंच छतं, खोल व्हरांडे बघून माणसाच्या डोक्यात नाही नाही ते येतं. तुम्ही पश्चिमेला काच लावा. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडून गेला की कारकून मंडळी तिला आतून चादरी लावतील. तेवढाच स्थानिक उद्योगाला हातभार.

काळ्या मातीचं परीक्षण जरूर करून घ्या, अहवाल फाईलला लावा, वाचू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्याभोवतीची फरशी भिंतीपासून सुटते आणि त्या फटीतून पाणी थेट पायाशी जातं. माती काढून मुरूम थराथरानं दाबून भरायचा म्हटला तर खर्च वाढतो, मग सुधारित प्रशासकीय मान्यता आली. कोण करतो ती वणवण?

स्लॅब मार्चअखेरीसच पडणार, कारण निधी परत जाईल. कोरड्या, उष्ण हवेत पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान १४ दिवस ओलं ठेवा, असं भारतीय मानक ४५६ सुचवतं. शहराच्या नळालाच रोज पाणी नाही, तर स्लॅबला कुठलं? गोणपाट अंथरा, एक टँकर मागवा, तारखेसह फोटो काढा. त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे मात्र २८ दिवस हौदात गार पाण्यात डुंबत असतात. त्यांची ताकद उत्तमच भरते, आणि बिलाला तोच अहवाल जोडतात. (वर उन्हात तडकलेल्या स्लॅबला कुणी विचारत नाही.)

गच्चीला १०० ला १ उतार, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. नकाशात बाण काढले की तुमचं काम झालं. प्रत्यक्षात प्लंबर कोब्याच्या (गच्चीवरच्या उताराच्या थराच्या) आधीच पावसाच्या पाण्याचा पाइप बसवून गेलेला असतो, त्यामुळे पाइपाचं तोंड कोब्याच्या दोन बोटं वर राहतं आणि डबकं तिथंच साचतं. पाणी कोंडून गळती तपासायची चाचणी सप्टेंबरच्या पावसावर सोपवा. तो फुकट करतो.

एक टीप मात्र प्रत्येक नकाशावर न विसरता लिहा: ‘जागेवरील परिस्थितीनुसार आवश्यक ते बदल करावेत.’ गळतीचं पत्र आलंच, तर ही ओळ अधोरेखित करून ते उपअभियंत्याकडे ‘पाहणी करून अहवाल सादर करावा’ म्हणून पाठवा. तो कंत्राटदाराला नोटीस काढेल, कंत्राटदार दोष दायित्व कालावधी (म्हणजे पदरमोड करून दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो ते मोजत बसेल, आणि तोवर तुमची तीन वर्षं भरतील.