ऐनवेळचे विषय

मागच्या आठवड्यात चुलतभावाने आमच्या नगर पंचायतीच्या सभेची विषयपत्रिका ग्रुपवर टाकली, वाकडातिकडा फोटो, कोपऱ्यात त्याचाच अंगठा. एकूण २३ विषय. पहिला नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मग जमाखर्च, आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका, या प्रभागात नाली, त्या प्रभागात पेव्हर ब्लॉक, घंटागाडीच्या डिझेलची बिलं, दोन हायमास्ट, आणि सगळ्यात शेवटी ते आपलं लाडकं वाक्य, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय". खाली भावाचा मेसेज: सभा ४० मिनिटांत खतम, समोसे थंडे व्हायच्या आत.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. एक पार्टी म्हणे ग्रामपंचायतच बरी होती, घरटॅक्स तरी कमी होता, परत ग्रामपंचायत करा. दुसरी म्हणे मागं कोण जाते राजा, आता आपण शहर झालो. आणि मग कोणीतरी मला ओढलंच, "इंग्लंडवाले भाऊ, तुमच्या तिकडं कसं असते सांगा जरा या लोकायले".

सांगतो. पण ज्याने विचारलं त्याला आवडेलच असं नाही.

मी नऊ वर्षांपासून डर्बीशायरमधल्या एका छोट्या टाउनमध्ये राहतो, टाउन म्हणतात पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावापेक्षा लहानच आहे. इथल्या कौन्सिलच्या मीटिंगला पहिल्यांदा गेलो तो लोकशाहीच्या प्रेमाने नाही, घरचं हीटिंग बंद पडलं होतं आणि हॉल गरम असतो, चहापण मिळतो, खोटं कशाला बोलू. विषयपत्रिका लायब्ररीबाहेरच्या काचेच्या पेटीत लागलेली होती. पूर्ण तीन दिवस आधी ती लावावीच लागते, १९७२ चा कायदा आहे तसा, आणि कोणीही येऊन बसू शकतो हे त्याच्याही आधीच्या १९६० च्या कायद्यात आहे. तर मी जाऊन बसलो, जनता म्हणून आम्ही दोघं, मी आणि एक रिटायर्ड आजोबा. आणि पुढची ३५ मिनिटं चर्चा कशावर, तर कुत्र्याच्या शीच्या डब्यावर! डबा नदीकडच्या फाटकापाशी ठेवायचा का पार्किंगपाशी, तो रिकामा करायचे वर्षाचे पैसे कोण देणार, मागच्या वेळेस कोण काय बोललं होतं. मला हसू आवरेना.

पण पुढच्या महिन्यात परत गेलो (हीटिंग तोवर झालं होतं) तेव्हा एक मेंबर उठला आणि म्हणाला मागच्या इतिवृत्तात माझं वाक्य चुकीचं लिहिलंय, मी पार्किंगच्या बाजूने नव्हतो. क्लार्कबाईने वही काढली, पाहिलं, पेनाने दुरुस्ती केली, अध्यक्षीणबाईंनी शेजारी सही केली, मग पुढचा विषय. इतिवृत्त खरंच वाचतात आणि मग कायम करतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे ते वाक्य म्हणजे सत्यनारायणाच्या आधीचं आचमन.

आता दुसरी बाजू ऐका, कारण ग्रुपवर इंग्लंड म्हटलं की लोक एकदम हात जोडतात. ही कौन्सिल करते काय? बाकडी, स्मशानभूमी, भाजी लावायला भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे, ख्रिसमसची लायटिंग. रस्ता काउंटीचा, कचरा डिस्ट्रिक्टचा (या हिच्या वरच्या दोन कौन्सिली), बांधकाम परवानगीवर हिने नुसतं मत कळवायचं, पाणी तर १९८९ पासून खाजगी कंपन्यांकडे आहे. मी एकदा उठून विचारलं की शाळेकडच्या वाटेवरचा दिवा तीन महिन्यांपासून बंद आहे, तर बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या तो विषय काउंटीचा. तिकडे बाबा पाण्याचं विचारायला गेले की "काकाजी, ते आमच्याकडं येतच नाही जी, ते दुसऱ्या खात्याचं". आवाज तेवढा गोड नसतो, इतकाच फरक. आणि आमच्या नगर पंचायतीकडे पाहा, १७ नगरसेवक, ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात १८ कामांची यादी, पाणी, रस्ते, कचरा, दिवे, स्मशान, कोंडवाडासुद्धा. त्यातलं प्रत्यक्षात किती हातात येतं तो भाग वेगळा, पण इथल्या मेंबरला ती यादी दाखवली तर त्याला घाम फुटेल.

शिस्तीचंही फार मनावर घेऊ नका. चेशायरमधल्या हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलच्या झूमवरच्या सभेचा व्हिडिओ फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हायरल झाला होता, सभा डिसेंबर २०२० ची, त्यात जॅकी वीव्हर नावाच्या बाईंनी खुद्द चेअरमनलाच मीटिंगमधून बाहेर काढलं आणि बाकीचे असे बोंबलत होते की आमचे नगरसेवक लाजले असते.

आणि माणसं? आमच्या टाउनच्या ११ जागांपैकी ४ रिकाम्या आहेत, कोणी उभंच राहत नाही, मग कौन्सिल विचारून विचारून एखाद्याला को-ऑप्ट करते. तिकडे स्वीकृत सदस्य व्हायला माणूस नेत्याच्या दारात चार-चार महिने बसतो! क्लार्कबाईने मलाही विचारलं, तुम्ही दर वेळी येता तर मेंबरच का होत नाही, कॉमनवेल्थचे नागरिक आहात, चालतं. हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "तेथच्या नालीचं पाहशीन, अन् आपल्या दारापुढची कोन पाहीन?" विषय संपला.

तर मुद्दा इंग्लंडचा नाहीच. आपल्याकडे काय होतं आणि ते कुठं गेलं, हा आहे.

२०१५ च्या आसपास तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायतींच्या नगर पंचायती झाल्या, आमच्या जिल्ह्यात मारेगाव, राळेगाव, बाभूळगाव, कळंब, महागाव, झरी जामणी. झरी जामणी पाहिलेल्या माणसाला विचारा शहर कुठून सुरू होते म्हणून. केंद्राची रोजगार हमी फक्त ग्रामीण भागाला, त्यामुळे कागदावर शहर झालं त्या दिवशी मजुरांचं ते काम गेलं, याच्यावर मोर्चे निघाले, निवेदनं दिली, हे सगळ्यांना आठवते. ग्रामसभा पण गेली, त्याच्यासाठी मात्र कोणी रडलं नाही.

मी शाळेत असतानाची १५ ऑगस्टची ग्रामसभा मला अजून दिसते. झेंडावंदन झालं, पोट्ट्यांना बुंदी वाटून झाली, कडुनिंबाखाली टेबल लावलं, सरपंच, ग्रामसेवक, रजिस्टर. ग्रामसेवक खर्च वाचत होता, हापशी दुरुस्ती, वायसर (म्हणजे वॉशर) तीन नग. तेवढ्यात आमच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी उठली, पदरातून एक झिजलेला, काळाठिक्कर पडलेला वायसर काढला आणि रजिस्टरवर ठेवला. "हा काल काढला जी आमच्या पोट्ट्यानं. हे नवं हाय का?" एवढंच बोलली. ग्रामसेवक पानं उलटवत राहिला, मागची, पुढची, परत मागची, आणि पानावर त्या वायसरचा गोल डाग पडलेला. आठ दिवसांत नवा वायसर बसला.

ग्रामसभा फार पवित्र होती असं म्हणत नाही मी. १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढा कोरम लागतो, तो नाही भरला की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही, हा रस्ता सगळ्या सरपंचांना तोंडपाठ असते. सह्या घरोघरी फिरून घेतलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. पण त्या टेबलापुढे जाऊन वायसर ठेवायची जागा होती. नगर पंचायतीत ती म्हातारी जाईल कुठं? वॉर्डातल्या मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्येच कायद्यात घातलेली आहे, आमच्या गावात ती भरल्याचं मी एकदाही ऐकलं नाही.

आणि हे शिकायला डर्बीशायरला यायची गरजच नव्हती. कॉलेजात एनएसएसच्या कँपसोबत गडचिरोलीत मेंढा (लेखा)ला गेलो होतो, गोंडांचं छोटं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. तिथं मतदान नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, नाही झालं तर परत बसायचं. मला तेव्हा कंटाळा आला होता, खरं सांगतो. त्याच गावाला २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा तो कंटाळा आठवला.

शेजारच्या नगर परिषदेत तर चार वर्षं नगरसेवकच नव्हते. ओबीसी आरक्षणाचं कोर्टात अडकलं, प्रशासक बसला, ठराव मांडणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. शेवटी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं आणि मोजणी नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ तारखेपर्यंत लांबली, तेव्हा ग्रुपवर १९ दिवस नुसता कल्ला, पेट्या कोण राखून राह्यलं म्हणून. पण आधीची चार वर्षं सभाच होत नाही याची एकालाही आठवण आली नव्हती. येईल कशी, होत होत्या तेव्हा तरी कोणी पाहिल्या होत्या?

म्हणून परत ग्रामपंचायत करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. टॅक्ससाठी मागे जायचं म्हणता, सभेसाठी कोणी म्हणत नाही. मी भावाला फोन करून म्हटलं, ते २३ विषय मोठ्या अक्षरात प्रिंट काढ आणि बसस्टँडवरच्या पानठेल्याला चिकटव, बस. तो म्हणे नगरसेवक आपल्याच नात्यातला आहे, मामाजी लागतात, वाईट दिसेल. दोन दिवस घोळ घातला आणि मग चिकटवलं.

संध्याकाळपर्यंत कागद कोणीतरी फाडला. पण दुपारी तीन माणसं थांबून वाचत होती म्हणे, आणि त्यातल्या एकाने १४ नंबरच्या विषयावर बोट ठेवून पानठेलेवाल्याला विचारलं, "ही नाली तं मागच्या साली झाली ना बे?"

भावाने आता दुसरी प्रिंट काढली आहे, लॅमिनेशन करून.