फडक्याची गोष्ट

भाचीने वाढदिवसाला मला गुलाबी दगड दिला. पानाच्या आकाराचा, मखमली पिशवीत. "मावशी, हा ग्वा शा. रोज चेहऱ्यावर फिरव, सगळे टॉक्सिन्स निघून जातात." किंमत मी विचारली नाही. पिशवीवरूनच अंदाज आला.

ग्वा म्हणजे खरवडणं. चीनमध्ये ही घरगुती गोष्ट. ताप आला, ऊन लागलं की पाठीला तेल लावायचं आणि चिनी मातीच्या चमच्याने नाहीतर नाण्याने खरवडायचं, पाठ लालजांभळी होईपर्यंत. जे ठिपके उमटतात ते 'शा'. आत अडकलेलं बाहेर आलं, अशी समजूत. खरं तर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून साकळलेलं ते रक्त. इन्स्टाग्रामवर पाठीचा चेहरा झाला, चमच्याचा दगड झाला, आणि लाल तर काहीच होत नाही!

पण चिन्यांना हसायचं तोंड आपल्याला नाही. माझ्या आजोळी उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायचे. पाय काळे झाले की आजी म्हणायची, "बघ, केवढी उष्णता निघाली!" मोठेपणी मी एकदा तीच वाटी तूप लावून जुन्या फडक्यावर घासली. फडकंही काळंकुट्ट. फडक्याला कसली आली उष्णता? काळं होतं ते वाटीच्या धातूमुळे.

तुंबड्यांचंही तेच. वैदू रक्त ओढायला अंगावर तुंबड्या लावायचे तेव्हा आपण त्याला अडाणीपणा म्हटलं. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर गोल जांभळे डाग दिसले आणि 'कपिंग'ची चलती झाली. काचेचे पेले, मंद दिवे, चिनी बासरी. कोणाची तुंबडी भरते ते सांगायला नको.

दगडावर माझा राग नाही. चेहऱ्याला मालिश केली की बरं वाटतंच. माझं भांडण आहे ते "हजारो वर्षांचं ज्ञान आहे" या वाक्याशी. हे म्हटलं की पुढे कोणी काही विचारायचंच नाही.

चिनी संशोधक थू योयो यांनी विचारलं. व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक मरत होते, म्हणून चीनने १९६७ मध्ये एक गुप्त प्रकल्प सुरू केला. दोन वर्षांनी या बाई त्यात आल्या. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. त्यांनी जुने दोन हजारांवर नुस्खे गोळा केले आणि एकेक वनस्पती उंदरांवर तपासायला घेतली. छिंगहाव नावाची एक वनस्पती (आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्या गोतातली) कधी गुण दाखवायची, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या ग हंग या चिनी वैद्याच्या ग्रंथातली एक ओळ त्यांना खटकली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. म्हणजे उकळायचं नाही! उष्णतेने गुण जात असणार. त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो लागू पडला. माणसांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज गडचिरोलीत फॅल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला जे औषध देतात, त्याचं मूळ या अर्कात आहे. गंमत म्हणजे त्याच वनस्पतीचा चहा पिऊन मलेरिया बरा करू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ग्रंथ सोळाशे वर्षांचा होता हे खरं. पण बाईंनी त्याला हात जोडले नाहीत, परीक्षेला बसवलं.

आणि परीक्षा न घेता वापरलं तर? १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन घटवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची ॲरिस्टोलोकिया गेली. शंभरावर लोकांची मूत्रपिंडं बिघडली, बहुतेक बायका. पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर. यात नुसती नावाची चूक म्हणून सुटता येत नाही, कारण ॲरिस्टोलोकियाही चिनी औषधांत शतकानुशतकं होतीच. मूत्रपिंड सावकाश जातं. आज घेतलेल्या काढ्याचा हिशेब काही वर्षांनी येतो, तेव्हा वैद्याला आणि रोग्याला तो काढा आठवणार कसा?

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, "मावशी, तू फार बोलतेस," आणि माझ्या गालावर दगड फिरवायला लागली. गार लागत होता, छान वाटलं. मग मी तिचे तळपाय वाटीने घासून दिले. पंधरा मिनिटांत काळेभोर.

"अगं मावशी, बघ ना किती–"

मी तिच्या हातात फडकं दिलं.