मान्य व कबूल नाही

"वादपत्र कलम २ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही."

दिवाणी कोर्टातली कुठलीही कैफियत, म्हणजे वादपत्राला (दाव्याच्या अर्जाला) प्रतिवादीने दिलेलं लेखी उत्तर, उघडा, हे वाक्य सापडतंच. कलम ३ ला तेच, कलम ४ लाही तेच. दिवाणी दावे रखडण्याचं एक मोठं मूळ या वाक्यात आहे, असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतरचं ठाम मत आहे. आणि हे वाक्य मुलांच्या हातात आम्हीच देतो, लॉ कॉलेजात.

मागच्या सत्रात वर्गात एका निकाली दाव्याचे कागद वाटले, नावं खोडून. दोन सख्ख्या भावांमधला वहिवाटीच्या वाटेचा वाद. वादपत्राच्या कलम १ मध्ये मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा, २ मध्ये वडील कधी वारले ते, ३ मध्ये घरगुती वाटणीचा कागद. धाकट्याच्या कैफियतीत तिन्ही कलमं 'मान्य व कबूल नाही'. एका मुलीने विचारलं, "मॅडम, वडील वारले हेही त्याला मान्य नाही?"

मी तिला रोजनामा, म्हणजे दाव्यात तारखेतारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद, मोठ्याने वाचायला लावला. वाटणीच्या कागदावरचा साक्षीदार गैरहजर. पुन्हा समन्स. बेलिफाचा अहवाल नाही. मुदतीचा अर्ज, मंजूर. साक्षीदार आजारी. सरतपासणीचं (साक्षीदाराच्या मूळ जबानीचं) प्रतिज्ञापत्र दाखल, उलटतपासणीसाठी पुढची तारीख. वाचता वाचता तिचा आवाज उतरत गेला. दोन वर्षं अशी गेली, आणि ती अशा गोष्टी शाबीत करण्यात गेली ज्यांबद्दल त्या दोन भावांत मुळात वादच नव्हता. वाद एकच होता: वाट विहिरीपाशी संपते की पुढे जाते? त्याचं उत्तर शेवटी कोर्ट कमिशनरच्या, म्हणजे जागा पाहायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या, नकाशातून मिळालं.

कायद्यात यावर उपाय नाही असं नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच तो आहे. तिच्यातल्या आदेश ८ चे ('आदेश' म्हणजे इथे नियमांचं प्रकरण) नियम ३ ते ५ सांगतात की प्रत्येक कथन नेमकेपणाने नाकारा, मोघम नकार चालणार नाही, जे नाकारलं नाही ते मान्य धरलं जाईल. आदेश १०, नियम १ प्रमाणे पहिल्याच सुनावणीला न्यायाधीशाने पक्षकारांना विचारून काय कबूल आणि काय नाकबूल ते नोंदवायचं, आणि मगच आदेश १४ खाली मुद्दे, म्हणजे कोर्टाने निकाल द्यायचे वादाचे प्रश्न, काढायचे. प्रत्यक्षात मुद्द्यांचा मसुदा बहुतेकदा वकिलांकडून येतो आणि आदेश १० कुणाला आठवतही नाही.

सुधारणा मात्र दिवस मोजत बसल्या. १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्यांनी कैफियतीला ३० दिवस, फार तर ९० दिवस दिले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात ही मुदत सक्तीची नाही असं ठरवलं. तो निकाल मला पटतो. चार दिवस उशीर झाला म्हणून माणसाचं म्हणणंच ऐकायचं नाही, हा न्याय नव्हे. पण कैफियत ९० व्या दिवशी येवो की १५० व्या, आत काय लिहिलंय हे कुणी बघायचं?

ते बघितलं २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने. आदेश ८ मध्ये नियम ३-अ आला: नाकारायचं असेल तर कारण द्या आणि तुमच्या मते खरं काय तेही सांगा. इतकी चांगली तरतूद फक्त व्यापारी दाव्यांना का? बांध, वाट, वाटणी, भाडेकरू यांचे दावे लढणाऱ्या माणसाला तिची जास्त गरज आहे. ती सगळ्या दिवाणी दाव्यांना लागू झालीच पाहिजे.

वकील मित्र म्हणतात, कबुली दिली की अंगाशी येते. ही भीती खरी आहे. एकदा दिलेली कबुली दुरुस्ती अर्जाने मागे घेणं सोपं नाही, आणि "तुम्ही मान्य का केलंत?" म्हणून पक्षकार भांडतो तो वेगळाच. पण काय मान्य करायचं हे पक्षकाराला समोर बसवून, कागद बघून ठरवणं हे तर वकिलाचं काम. ते आम्ही शिकवत नाही. आम्ही संहितेच्या कलम १० (त्याच वादाचा आधीचा दावा चालू असताना नंतरचा थांबवणं) आणि ११ (निकाली वाद पुन्हा न चालवणं) मधला फरक विचारतो. ड्राफ्टिंगचा पेपर सक्तीचा आहे, पण त्यात मुलं जुन्या जर्नलमधून नमुने उतरवतात आणि 'खोटा व लबाडीचा' तिथेच पाठ होतो.

त्या वर्गाला मी तीच कैफियत नव्याने लिहायला दिली. धाकट्याची बाजू जराही कमकुवत न करता. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने दीड पानात संपवली. तिची सुरुवात अशी होती: "कलम १ ते ३ मधील मजकूर मान्य आहे. वाट विहिरीपर्यंत आहे, हेही मान्य आहे. विहिरीच्या पुढे वाट नाही, कारण तिथे वाटणीच्या आधीपासून प्रतिवादीचा गोठा आहे."