न्हाणी बांधता रे?

चतुर्थी तोंडावर आली की घरच्यांना माझ्याकडून मखराची नवी कल्पना हवी असते, आणि मोबाइलवर वाट फुटेल तिकडे भटकल्याशिवाय मला काही सुचत नाही. परवा फोंडा-पणजी बसमध्ये खिडकी मिळाली. मोरजीच्या मोरजाईच्या देवळातल्या कावी चित्रांपासून निघालो. चुन्यावर तांबड्या कावेचा थर, तो ओला असतानाच कोरून काढलेली पांढरी नक्षी. तिथून पोर्तुगीजांच्या निळ्या अझुलेजु फरशांवर, मग लिस्बनच्या फरशांच्या संग्रहालयात. १५०९ सालच्या मठात आहे ते. डोकं कसं निवलं होतं.

"न्हाणी बांधता रे?"

शेजारी मांडीवर नारळांची पिशवी घेतलेले काका. नजर थेट माझ्या मोबाइलात.

"नाही, मखरासाठी बघतोय."

"मखराला टायल? गणपती बसवतोस की न्हाऊ घालतोस?"

म्हटलं, काका, ह्या म्युझियममधल्या आहेत.

"म्हणजे सेकंडहँड. घेऊ नकोस. माझ्या भाच्याचं दुकान आहे. वर घे, वर घे. हां, ही बरी. पण हिच्यात पाद्री आहे रे! आपण उघडे न्हाणार आणि तो बघत राहणार?"

पुढच्या बाई वळल्या. "गुळगुळीत घेऊ नका हां. आमच्या सासूबाई आपटल्या." कंडक्टरने तिकिटं थांबवून निळ्यावर पाण्याचे डाग दिसतात म्हणून सांगितलं. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत माझ्या न्हाणीत गिझर कुठे लावायचा तेही ठरलं होतं.

त्याच बसमध्ये एक गृहस्थ फोंड्यापासून निधनवार्तांचं पान वाचत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, की बाबा, कोण गेलेला हवाय? एक जण परक्याच्या खांद्यावर घोरत होता, त्यालाही कुणी हलवलं नाही. मी चार चित्रं बघितली तर मी रिकामटेकडा, आणि माझा मोबाइल पंचायतीचा नोटीस बोर्ड! घरीही तेच. मखर सगळ्यांना हवं, मी ते शोधत बसलेला कुणाला बघवत नाही. कल्पना काय म्हापशाच्या बाजारात वाट्यावर मिळतात?

उतरण्याआधी काकांनी माझ्याच मोबाइलवरून भाच्याला मिस कॉल दिला. तेव्हापासून भाचा सकाळ-संध्याकाळ टायल्सचे फोटो पाठवतोय. त्यातली डॉल्फिनची बायकोला पसंत पडली. काल रात्री ती टेप घेऊन न्हाणीत मापं काढत होती. मखराचं काय म्हणून विचारलं, तर आतूनच म्हणाली, "बघ ना मोबाइलवर काहीतरी."