उघडलंच आहे तर

सगळ्याचं मूळ ती नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट. 745 रुपये अधिक जीएसटी भरून, ऑनलाइन तारीख घेऊन, आमची 1996 सालची मारुती व्हॅन मी प्लेट बसवायला नेली. मागची बसली. पुढच्या पत्र्याला त्या पोराने ड्रिल टेकवलं मात्र, बिट आत गेलं आणि बिटामागोमाग ड्रिलचं तोंडही आत गेलं. भोकातून नाचणीच्या पिठासारखं काहीतरी भुरभुरलं.

"काका, इथे पत्राच नाहीये," तो म्हणाला. "आधी तोंड नीट करून आणा."

पत्रा होता. 1996 साली मी स्वतः पाहिलाय.

गॅरेजात मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ उलटी धरून ठोकून पाहिलं, डॉक्टर छातीवर बोटं वाजवतात तसं. "हातभर पट्टी मारू. दीड हजार. परवा न्या." ही गोष्ट गेल्या दिवाळीच्या आधीची.

दुसऱ्या दिवशी फोन. "काका, जरा दाखवायचं होतं." मुलगा शाळेत असताना त्याच्या बाई याच सुरात बोलवायच्या, त्यामुळे मी आपोआप खाली मान घालून गेलो. रंग खरवडल्यावर आत लांबी निघाली होती. वीस वर्षांपूर्वी एका रिक्षाशी झालेली ओळख तेव्हाच्या मिस्त्रीने लांबी भरून बुजवली होती, त्यामुळे गाडीचं अर्धं तोंड पत्र्याचं आणि अर्धं लांबीचं. या लुकणाला लांबी का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. काम लांबतं ते तिच्यामुळेच.

"गंज वर काचेच्या रबरी बीडिंगखाली शिरलाय. उघडलंच आहे तर काच काढून घेऊ."

उघडलंच आहे तर! मराठीत याहून महाग वाक्य नसेल. त्यातला कर्ता कुठे आहे बघा. कोणी उघडलं, कोणाला विचारून उघडलं, याचा पत्ताच नाही. जणू गाडी रात्री आपण होऊन उघडली आणि सकाळी आपण दोघं फक्त साक्षीदार.

काच निघाली. मग कळलं, बीडिंगमधून कित्येक पावसाळे पाणी पाझरून पायाखालच्या मॅटिंगमध्ये मुरत होतं. मॅटिंग उचललं. त्याखाली चार आण्याचं नाणं, मुलाचा शाळेचा बिल्ला, गणपतीच्या वर्गणीची पावती आणि त्याखाली गॅरेजची जमीन. मधला पत्रा खारीसारखा पदर सुटून हातात येत होता. मी इतकी वर्षं क्लच दाबत होतो तो नेमका कशाच्या भरवशावर, हा विचार रात्री झोपू देईना.

आता फ्लोअर वेल्ड करायचा तर पुढच्या सीटा काढायला हव्यात. आणि या गाडीचं इंजिन सीटखाली असतं. ज्याने ती मे महिन्यात चालवली आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. 796 सीसी, तीन सिलिंडर, वर तीस वर्षांचं ऑइल आणि धूळ यांचा काळा लेप. "वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार काका, इंजिन खाली घेतलेलं बरं." उतरवलं. उतरवलंच आहे तर हेड खोललं. खोललंच आहे तर पिस्टनच्या रिंगा. "आणि क्लच प्लेट आत्ताच टाका. नंतर परत इंजिन उतरवायचं का?" या युक्तिवादाला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, छताचं अस्तर माझ्या डोक्यावर पडलं. असो.

पार्ट आणायला मी जुना तुकडा पिशवीत घालून पुण्याच्या नाना पेठेत जातो. 1984 साली ही गाडी बाजारात आली, 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं, 2019 मध्ये ती बनायचीही बंद झाली, पण पेठेत तुकडा पाहून अजून "व्हॅनचं का?" असंच विचारतात, आणि पाठोपाठ "आहे अजून?" हेही, घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करावी तसं.

हिशोबाच्या वहीत पहिल्या पानावर 1,500 लिहिले होते. 64,000 झाल्यावर वही हरवली, असं मी घरी सांगितलं. त्यात यंदा आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण. आधी 15 वर्षं, मग दर 5 वर्षांनी, म्हणजे 2011, 2016, 2021. मागच्या वेळी 600 रुपये लागले होते, आता वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000. वर पर्यावरण कर. शिवाय गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि आमची तर लाकडी ठोकळ्यांवर बसलेली.

अखेर बायकोनेच प्रकरण हातात घेतलं. "अहो, भंगारवाला 18,000 देतोय ना? मी बोलते त्या मिस्त्रींशी." रविवारी आम्ही दोघं गॅरेजात. मिस्त्रींनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. ती बसली नाही. नुसत्या सांगाड्याभोवती एक चक्कर मारून सरकत्या दरवाजापाशी थांबली. दरवाजा ओढला. तो नेहमीसारखाच अर्ध्यात अडकला.

"याचे रोलर बदलले नाहीत?"

"ते ठीक आहेत ताई. चालतील."

"चालतील?" तिने पर्स माझ्या हातात दिली. "तीस वर्षं मी याला लाथ घालतेय. खाली काढा तो दरवाजा."