फोन तेवढा घेऊन ये

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत मला कोणी बोलावत नाही, माझ्या फोनला बोलावतात. "संध्याकाळी मोकळा आहेस काय?" हा प्रश्न इतिहासजमा झाला. आता थेट, "येताना फोन तेवढा घेऊन ये रे." फोन त्यांच्याकडेही आहेत, माझ्यापेक्षा भारी आहेत. पण एखाद्याला ॲपमधलं कळतं असा बोलबाला एकदा झाला, की तो माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो. त्यात मी उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये तपासणीवर. मायक्रोमीटर लावून मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजायचा आणि मशीनवर तयार झालेला भाग, म्हणजे जॉब, पास की फेल ते सांगायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा गल्लीतलं जे जे वाकडं, तिरकं, संशयास्पद असेल, ते पास-फेल करायलाही मीच.

काकूंनी स्वयंपाकघरात नवा ओटा घातला. डोसा टाकला की पीठ एका बाजूला पळतंय, असं त्यांचं म्हणणं. गवंडी म्हणाला, तवा वाकडा आहे. हा तवा काकूंच्या लग्नातला, त्यामुळे बोलणं फार लांबपर्यंत गेलं. तेवढ्यात कुणीतरी त्यांना फोनमधल्या लेव्हलबद्दल सांगितलं. आपण फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ना, ते ज्या बारीक सेन्सरमुळे होतं, तोच गुरुत्वाकर्षणाच्या मानाने फोन किती कललाय हेही सांगतो. काम चोख करतो बिचारा. पण हल्लीच्या फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचं टेंगूळ असतं. काकूंनी फोन उताणा ठेवला. ओटा तिरका निघाला. मग जेवणाचं टेबल तिरकं निघालं, फरशी तिरकी, देवघर तिरकं, टीव्हीचं कपाट तिरकं. मी पोचेपर्यंत आख्खं घर एका बाजूला कललं होतं आणि काका कलत्या बाजूच्या खुर्चीवरून उठून वरच्या बाजूला बसले होते.

फोन पाठीवर न ठेवता कडेवर उभा करायचा, एवढंच असतं. केला. ओटा सरळ. गवंड्याने आपली पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरली. ओटा सरळ. तव्यावर फोन धरला आणि लगेच काढून घेतला, कारण मला त्या घरात पुढेही जेवायचं आहे.

"तीस हजाराचा मोबाइल खोटं सांगतोय आणि ह्याची प्लास्टिकची नळी खरं बोलते?" काकू म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने ओटा अजून तिरकाच आहे.

समोरचे अण्णा नोकरीतून निवृत्त झाल्यापासून वास्तुशास्त्रात शिरले आहेत. फोनमधल्या होकायंत्रावर त्यांनी घराची ईशान्य शोधली, तर ती न्हाणीघरात निघाली. अण्णांच्या फोनला पाकिटासारखं कव्हर आहे आणि त्याच्या झाकणाला लोहचुंबक. फोनमधलं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व ओळखतं. कव्हरचं चुंबक पृथ्वीपेक्षा पुष्कळ जवळ. त्यातून अण्णा उभे होते लोखंडी कपाटाला टेकून. मी कव्हर काढायला लावलं, कपाटापासून लांब उभं केलं. मग ॲपने फर्मावलं, की फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. सगळं घर सोप्यात उभं राहून फोन ओवाळू लागलं. दारावरून जाणाऱ्या एका बाईंनी चप्पल काढून नमस्कार केला. ईशान्य शेवटी जिन्याखाली सापडली. अण्णा म्हणाले, "न्हाणीघर तरी मोठं होतं रे."

खरं सांगायचं, तर फोनचे अस्सल उपयोग कोणी कौतुकाने सांगत नाही. औषधाच्या चकचकीत पट्टीवर दाबून छापलेली मुदत वाचायची असेल, तर फोटो काढावा आणि दोन बोटांनी मोठा करावा. मिक्सर उघडण्याआधी आतल्या वायरींचा फोटो घ्यावा, म्हणजे जोडताना मेहुण्याला फोन लावायची नामुष्की येत नाही. कन्नड वाचता न येणाऱ्या पाहुण्याने बसच्या पाटीवर कॅमेरा धरावा, पाटी मराठीत दिसते. फक्त बस आपल्यासाठी थांबत नाही. आमच्याकडे आलेला पुण्याचा भाचा कॅमेरा धरून खानापूरची पाटी वाचत होता, तोवर बसचं मागचं नंबरप्लेट वाचायची वेळ आली.

पैशांचं तर विचारू नका. २०१६ साली यूपीआय आलं आणि आता बाजारात पेरवाला, रताळ्यांची मावशी, मिरच्यांचा ढीग लावून बसलेला म्हातारा, सगळ्यांसमोर तो चौकोन आहे आणि बाजूला बोलका डबा. डबा बोलल्याशिवाय मावशी पिशवी सोडत नाही. माझ्या फोनवर हिरवी खूण आलेली, पैसे गेलेले, डबा गप्प. मावशीने एका बंदाला धरलंय, मी दुसऱ्या. फोनची खूण दाखवली तर म्हणते, "तुझ्या फोनात आलं रे, माझ्या डब्यात कुठं आलं?" ह्यावर उत्तर नाही. तेवढ्यात कुठला तरी डबा कन्नडमध्ये रक्कम ओरडतो आणि रांगेतले सगळे विक्रेते एकदम म्हणतात, "माझे!" गिऱ्हाइकंही म्हणतात, "माझे!" ज्याची पिशवी आधी सुटते, तो निघून जातो. इंटरनेट नसेल तर *९९# लावूनही पैसे पाठवता येतात, हे मी एकदा मावशीला सांगायला गेलो. तिने मला सुट्टे पैसे कुठे मिळतात ते सांगितलं.

हे सगळं गल्लीपुरतं होतं तोवर ठीक होतं. मग आत्याने बोलावलं.

आत्याचं सासर खानापूर तालुक्यात, भाताचं रान तिकडे. माहेरचा म्हणून मिळालेला तुकडा मात्र बाची ओलांडून, शिनोळीच्याही पुढे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. तिच्या नावावर दोन राज्यांत जमीन आहे आणि दोन्ही सरकारांवर तिचा सारखाच अविश्वास. खानापूरच्या उताऱ्यावर एकर-गुंठे, चंदगडच्या सात-बारावर हेक्टर-आर. चाळीस गुंठ्यांचा एकर तिला पाठ आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हेही. मापं बदलून देणारं ॲप उघडून मी तिला दाखवलं, की साधारण अडीच एकराचा एक हेक्टर होतो. ती चष्मा वर करून बघत राहिली.

"अडीचाचं एक केलं? मग दीड एकर कुणी खाल्लं?"

ते समजावण्यात चहा दोनदा झाला. पण मला बोलावलं होतं ते खानापूरकडच्या रानाच्या बांधासाठी. धूळवाफ पेरणीच्या आधी बांध साफ करताना शेजारच्या पाटील मामांनी तो हळूच आत घेतला, असा तिचा संशय. पाटील मामांचा संशय नेमका उलटा. आणि कर्नाटक सरकारचं दिशांक नावाचं ॲप आहे. आपण रानात उभं राहिलो, की कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहोत ते नकाशावर दाखवतं. फार कामाचं ॲप आहे. एजंट दाखवतोय तो प्लॉट आणि कागदावरचा सर्व्हे नंबर एकच आहे काय, हे घरी येऊन रडण्यापेक्षा जागेवर बघता येतं. आत्याला ते कुणी सांगितलं माहीत नाही. सांगणाऱ्याचं भलं होवो.

बांधावर उभा राहिलो. भोवती आत्या, पाटील मामा, त्यांचा पोरगा, आणि भांडण बघायला आलेली निम्मी वस्ती. फोनवर निळा ठिपका उमटला, तो पाटील मामांच्या रानात.

"बघितलंत?" आत्या म्हणाली. "बांधावर उभा राहिला तरी तुमच्यात दाखवतंय. म्हणजे बांध आमच्यात घातलाय काय तुम्ही?"

मला हा हिशेब कळला नाही, पण पाटील मामांना कळला असावा. "थांबा," ते म्हणाले, "पोराच्या मोबाइलात बघू." पोराच्या मोबाइलात ठिपका आत्याच्या रानात. आता पाटील मामा तोच हिशेब उलटा घालू लागले.

उघड्या आभाळाखाली चांगल्या फोनचं जीपीएस पाचेक मीटरच्या आत जागा सांगतं. उपग्रहांच्या मानाने ही कमाल आहे. पण बांध दोन फुटांचा. शिवाय तिथे नेटची रेंज फक्त वरच्या कोपऱ्यातल्या फणसाखाली येते, आणि फणसाखाली उभं राहिलं की आभाळ दिसत नाही, ठिपका आणखी भरकटतो. मी जागचा हललो नव्हतो आणि माझा ठिपका दोन्ही रानांतून फिरून आला.

मी हे सगळं सांगितलं. सर्व्हे नंबर ओळखायला ॲप, हद्द ठरवायला सरकारी मोजणी, अर्ज करा, सर्व्हेअर येईल, दोघांच्या समोर हद्द दाखवील. १९५६ साली दोन राज्यांच्या मधे ओढलेली रेघ अजून मिटली नाही, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. तुम्ही ती फणसाखाली मिटवायला बघताय.

"ते मोठ्या लोकांचं," पाटील मामा म्हणाले. "आमचं आजच व्हायला पाहिजे."

एका म्हाताऱ्या नानांनी काठीने दगड दाखवला. हाच जुना हद्दीचा दगड, ह्याच्यापुढे मोबाइल काय सांगणार? क्षणभर सगळे गप्प झाले. मग पाटील मामा म्हणाले, तो दगड आत्याच्या सासऱ्यांनी एका पावसाळ्यात सरकवला. आत्या म्हणाली, सासऱ्यांनी तो फक्त परत जागेवर ठेवला, सरकवला पाटलांच्या आजोबांनी. नाना म्हणाले, दोन्ही वेळेला पहार मीच धरली होती. तेव्हा दगडाची अचूकताही पाचेक मीटरच.

तोवर वस्तीतल्या पोरांनी ॲप उतरवून घेतलं होतं. जो तो हात वर करून बांधावर चालत होता आणि आपला ठिपका ओरडून सांगत होता. कुणाचा आत्याकडे, कुणाचा पाटलांकडे, एकाचा तिसऱ्याच माणसाच्या उसात. तो तिसरा माणूस आतापर्यंत गंमत बघत होता, तोही आता पुढे सरसावला.

आत्याने मला बाजूला घेतलं. पदराने तोंड पुसलं.

"सगळ्यांचे बघून ठेव," ती हळू आवाजात म्हणाली. "कुठल्या कंपनीच्या मोबाइलात आपलं रान जास्त दाखवतंय ते बघ. मला तोच घेऊन दे."

मी मोटारसायकलला किक मारत होतो, तेव्हा पाटील मामा लगबगीने मागून आले. इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या आत्याबाई कुठला घेणार आहेत म्हणे?"